टाळलेली जागा

६ ऑक्टोबर १९६६

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही, लिहायला घेतलं आणि हात आखडला. नारळी पुनवेच्या आधी देवळासमोर आपली जात बसली, त्या दिवशी तू सातपाटीहून मुद्दाम आलास. पुंजारामाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाळीत टाकायचं का, असं पंचांनी विचारलं आणि हात वर झाले. मी बायकांत मागे उभी होते. तुझा हात मी लांबूनही ओळखते, त्यावरचा विळीचा वण माझ्यामुळेच पडलेला आहे.

तेव्हापासून आमच्याशी कुणी बोलत नाही. होडी पाण्यात ढकलायला कुणी खांदा लावत नाही. वलांडीवर बोंबील वाळत घातले, तर शेजारणीने आपले उचलून दुसऱ्या टोकाला नेले. माझ्या दोन्ही पोरी विहिरीवर गेल्या की बाकीच्या बायका कळशा घेऊन बाजूला होतात, आणि ह्या दोघी पाणी भरून निघाल्या की पुन्हा रहाटाशी येतात. तुझ्या भाच्या आहेत त्या. आठवण करून देते, कारण तुला विसर पडलेला दिसतो.

आणि हे सगळं कशासाठी? तर तुझ्या मेव्हण्यांनी जिवल्याला समुद्रातल्या जाळ्याच्या जागांच्या खुणा शिकवल्या. खूण मुलाला सांगायची, पुतण्याला सांगायची, फार तर जावयाला. आम्हाला मुलगा नाही. पुतण्या होता, तो अणुवीज प्रकल्पाच्या कामावर बोईसरला गेला आणि आता त्याला मासळीचा वास सहन होत नाही. मग ह्यांनी कुणाला सांगायचं होतं? भिंतीला? जिवल्या जातीने वारली असेल, पण चार हंगाम आमच्या होडीवर आहे. भात लावून झालं की डोंगरातून उतरतो, कापणीला घरी जातो, पुन्हा येतो. तू मात्र पंचांपुढे उभा राहून म्हणालास, “आज खूण डोंगरात गेली, उद्या बाजारात जाईल.” लोकांनी माना डोलावल्या.

दादा, आसाव्याचा डोंगर तारापूरच्या किल्ल्याच्या बुरजावर आला की खाली मऊ चिखल, जाळं खुशाल सोडायचं. डोंगर बुरजाच्या डावीकडे घसरला की खाली खडकांचं खडप, तिथे थांबायचं नाही. हे तुला पाठ कुणी करून दिलं? बाबा होडीत सांगायचे आणि घरी येईपर्यंत तू अर्धं विसरायचास. उद्या पुन्हा विचारतील म्हणून दाराआड बसून माझ्याकडून घोकून घ्यायचास. बाबांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, पोरगी ऐकते तर ऐकू दे, ती थोडीच होडीत बसणार आहे.

आणि तो आसावा! त्याच्या पायथ्याशी जिवल्याचा पाडा आहे. ह्यांनी पहिल्यांदा बोट करून खूण दाखवली तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, “तांडेल, ता तर माझाच डोंगर हाय.” ज्या डोंगराची खूण आपण घराबाहेर जाऊ देत नाही, त्या डोंगरावर त्याची गुरं चरतात. ही गोष्ट पंचांना सांग एकदा.

तरीही तुम्हा लोकांचे उपकारच मानायला हवेत. ती बुरजाच्या खुणेवरची चिखलाची जागा, बाबांची आवडती, तिथे दर साली जाळ्याला जाळं लागायचं. यंदा आम्ही त्या अंगाला शीड वळवलं की बाकीच्या होड्या लांबून वळसा घालून जातात. आमच्या शेजारी जाळंही टाकायचं नाही, असं ठरवलंत वाटतं. बरं झालं. येत्या उधाणाला ती सगळी जागा आमची. सरंगे आले की पालघरच्या बाजारात तुझ्या डोळ्यांदेखत विकीन.

भागीवहिनीला आठवण सांग. तुला नाही.

मंजुळा


२३ ऑक्टोबर १९६६

दादा,

जिवल्या गेला.

बुरजाच्या खुणेवर जाळं टाकलं. खूण बरोबर होती, ह्यांनी दोनदा धरून पाहिली. ओहोटी लागल्यावर जाळं ओढायला घेतलं तर ते हलेना. चिखलात जाळं असं अडकत नाही, म्हणून हे आणखी ओढत राहिले. पाण्याला ओढ होती, दोर ताठ झाला आणि होडीचं नाक खाली गेलं. ह्यांचा हात दोरात सापडला. पाणी आत येऊ लागलं तसा जिवल्या कोयता घेऊन होडीच्या पुढच्या नाळेवरून पाण्यात उतरला आणि त्याने दोर तोडला. होडी वर आली. जाळ्याचा सुटलेला पदर मात्र त्याच्या पायांत गुंडाळला गेला आणि तो वर आला नाही.

ह्यांची दोन बोटं गेली. तेवढ्याचं काही नाही.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा वाळूवर सगळा गाव होता. कुणी पुढे आलं नाही. बोईसरच्या कामावरचे दोन परमुलखातले मजूर तिथे मासळी घ्यायला आले होते, त्यांनी ह्यांना धरून उतरवलं. त्यांतला एक विचारत होता, “ये लोग क्यों खड़े हैं?” दुसऱ्या दिवशी जिवल्या खडपाशी लागला. त्याला उचलायलाही तेच दोघे आले.

मला वाटलं होतं, समुद्राने नेला. समुद्रावर रागावून मी दोन दिवस काढले. मग पालघरच्या बाजारात भागीवहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. ती माझ्याशी बोलली नाही, तुमचा नियम तिने मोडला नाही. ती आपल्या टोपलीशी बोलली. सरंगा उलटा करत, त्याच्याकडे बघत म्हणाली, “पावसात प्रकल्पाच्या ठेकेदाराचा दगडांचा लोखंडी पडाव दर्यात कलंडला, सगळे दगड त्या चिखलावर पडलं. भादव्यात आमचं जाळं थयच फाटलं. ह्यांनी तुमच्या गावात येऊन सगल्यांना सांगितलं. मला वाटलं, तुला पन सांगितलं असल.” आणि तिथेच टोपलीवर डोकं टेकून रडली.

तर तू आला होतास. वाळूवर बसून एकेका तांडेलाला सांगितलंस, बुरजाच्या खुणेवर आता दगड आहेत, तिथे जाऊ नका. पलीकडच्या आळीतल्या त्या म्हाताऱ्याला, ज्याने बाबांशी जन्मभर वैर केलं, त्यालाही सांगितलंस. मग एस्टी धरायला निघालास. एस्टीची वाट आमच्या दारावरून जाते. मी त्या वेळी दारात बोंबील निवडत असणार, रोज तेच करते. तू आमच्या दारावरून गेलास, दादा, आणि ते चार शब्द तोंडात धरून गेलास.

त्या होड्या वळसा का घालत होत्या ते आता कळलं. त्या आम्हाला टाळत नव्हत्या, दगडांना टाळत होत्या. इतर कुठल्याही साली ह्यांनी ते पाहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं. दहा होड्या एका जागेवरून वळल्या म्हणजे खाली काहीतरी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आम्हाला तुम्ही इतकं टाळलंत की तुमचं टाळणं आम्ही आमच्यावरच घेतलं. विहिरीवर टाळतात, देवळात टाळतात, तर समुद्रात का नाही टाळणार? आणि आम्ही त्याची चेष्टा केली. जिवल्या म्हणाला होता, “आपल्याला भिऊन पलतान.” हसलो होतो आम्ही सगळे.

बाबांच्या खुणेत चूक नव्हती. चिखल होता तेव्हा त्यांनी चिखल सांगितला. पण समुद्र बदलला की ते कोण सांगणार? डोंगर सांगत नाही, बुरूज सांगत नाही. काल तिथून जो आला तो सांगतो. संध्याकाळी वाळूवर बसून जे बोलतात ना, कुणाचं जाळं कुठे फाटलं, कुठे पाणी गढूळ झालं, ती बडबड नाही. त्यावर माणसं जगतात. तुम्ही आमची तेवढी संध्याकाळ काढून घेतलीत.

हे लिहिताना समोर माझं ६ तारखेचं पाकीट पडलंय. काल पोस्टमनने आणून दिलं. ‘घेतले नाही’ असा शेरा आहे वर. फोडलं तर नाहीसच. फोडलं असतंस तर आम्ही कुठे जाळं टाकणार हे तुला कळलं असतं, मी बढाई मारून सगळं लिहिलं होतं. मग तरी सांगितलं असतंस का? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

मंजुळा


भाऊबीज, १९६६

दादा,

ते दुसरं पाकीटही परत आलं. हेही येईल. तरी लिहिते, नाहीतर मी पोरींच्या अंगावर ओरडत सुटते.

आज ओवाळायला कुणी नव्हतं म्हणून मी घरात बसले नाही. जिवल्याच्या पाड्यावर गेले. बरोबर सुके बोंबील नेले होते. बुधी, त्याची बायको, भात झोडत होती. कापणीला तो येणार होता, तिने एकटीने कापलं. मी बोंबील पुढे केले तर तिने हात लावला नाही. मी अंगणात उभी राहिले, ती झोडत राहिली. मला बसही म्हणाली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

मी तिला सगळं सांगितलं. दगड, पडाव, तू. लपवलं नाही. तिला वाटत होतं की नवऱ्याला पोहता येत नव्हतं म्हणून तो मेला. ऐकून ती थांबली. म्हणाली, “तुमच्या मानसांना ठावं होतं?” मी म्हटलं, हो, सगळ्यांना. तिने हातातली पेंढी खाली टाकली आणि मला म्हणाली, “आमी पन मधाचं झाड नाय सांगत कोनाला. सख्ख्या भावाला नाय सांगत. पन कोनता रानकांदा खाल्ल्यावर मानूस मरतो, ता सगल्यांना सांगतो. भांडन असलं तरी सांगतो. ता नाय सांगला तर मंग मानूसच मारला.”

दादा, तू पंचांना बरोबर घेऊन ये आणि ह्याला उत्तर दे.

जिवल्याचा धाकटा भाऊ सुका तिथेच होता. त्याला काम हवं आहे, पाड्यावर एवढ्याशा भातात दोन घरं भागत नाहीत. तो ह्यांच्या होडीवर यायला तयार आहे. बुधीने अट घातली, ह्याला सगळं सांगायचं, अर्धं ठेवायचं नाही. मी हो म्हटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर तुटक्या बोटांचा हात मांडीवर घेऊन हे म्हणाले, आता आणखी कशातून वाळीत टाकणार आहेत?

सुका येतो. खुणा शिकतो. त्याला आसावा ओळखायला वेळ लागला नाही. आणि जिवल्याची एक स्वतःची खूण होती, तीही ह्यांनी त्याला दिली. होडी बंद असली की जिवल्या प्रकल्पावर सिमेंट वाहायचा, तिथला नवा मनोरा त्याच्या डोळ्यांदेखत वर गेला. तो म्हणायचा, धुक्यात डोंगर हरवतो पण मनोरा दिसतो, तो धरा. हे आधी त्याला हसले, म्हणाले बापजाद्यांनी कधी मनोरा धरला नाही. आता रोज धरतात.

बाबांच्या खुणांत तो मनोरा नाही. तुझ्याकडे तो असणार नाही.

मंजुळा


१७ जानेवारी १९६७

दादा,

परवा ह्यांची होडी दक्षिणेला गेली होती. आमच्या बाजूला मासळी नाही, म्हणून पार शिरगावच्या समोर, तुमच्या पाण्यात. तिथे जाळं अडकलं. ह्या वेळी हे शहाणे झाले होते, ओढलं नाही, लगेच दोर सोडून दिला. पाणी उतरल्यावर सुकाने लांब बांबूने चाचपून पाहिलं. खाली लोखंड आहे. तोच पडाव. दगड आमच्याकडे टाकून तो रिकामा वाहत गेला आणि तुमच्या दारात बुडाला. आडवा पडलाय, आणि काठ धारेचे आहेत.

ही जागा तुझी आहे. माघातल्या उधाणाला तू तिथेच जाळं टाकतोस, बाबांच्या वेळेपासून. तुझ्या होडीला इंजीन आहे, तू आणखी जोराने ओढशील. आणि यंदा तुझा थोरला पहिल्यांदा तुझ्याबरोबर येतोय, हे मला वहिनीने बाजारात सांगितलं. म्हणजे टोपलीला सांगितलं. लोखंडाचं मात्र तेव्हा मला काही माहीत नव्हतं, आणि ह्या आठवड्यात ती बाजाराला आलेली नाही.

हे परत फिरताना सातपाटीच्या तीन होड्या समोरून आल्या. हे उभे राहिले आणि हात करून ओरडले, खाली लोखंड आहे म्हणून. होड्या अगदी जवळून गेल्या. दोघा तांडेलांनी तोंड फिरवलं. तिसऱ्याने इंजीन वाढवलं, म्हणजे ऐकू येऊ नये. हे घरी आले आणि मला म्हणाले, “वरडलो गं. तोंड फिरवलनी.” जेवले नाहीत.

हा नियम तुम्ही आमच्यासाठी केला होता ना? आमच्याशी बोलायचं नाही. आमचं ऐकायचं नाही हेही त्यातच आलं, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. आता लोखंड कुठे आहे हे फक्त आम्हाला माहीत आहे, एका वाळीतल्या तांडेलाला, त्याच्या बायकोला आणि डोंगरातल्या एका वारल्याला. खूण शेवटी घरातच राहिली. पंचांना कळव, त्यांना बरं वाटेल.

खरं सांगते. काल दिवसभर मी कुणाला काही बोलले नाही. पत्र लिहिलं नाही, बाजाराला गेले नाही. घर सारवलं, मासळी साफ केली आणि मनात म्हटलं, फाटू दे. त्याचंही फाटू दे. त्यालाही कळू दे वाळूवर उभं राहून वाट बघणं कसं असतं. आणि दादा, मला बरं वाटलं. दुपारभर फार बरं वाटलं.

संध्याकाळी थोरली पोर ओसरीवर धाकटीला खुणा शिकवत होती. आसावा बुरजावर आला की काय? धाकटी म्हणाली, चिखल. थोरली तिला चापट मारून म्हणाली, चिखल नाही, आता दगड. विसरलीस तर मरशील. त्या कधी होडीत बसणार नाहीत. तरी घोकत होत्या, तू आणि मी घोकायचो तशाच. मी आत उठून गेले आणि मला तुझा इतका राग आला की रडूच आलं.

मी तुला माफ केलेलं नाही. हे नीट वाच, म्हणजे वाचलंस तर. तुला सांगते आहे त्याचा अर्थ मी विसरले असा काढू नकोस. जिवल्याला तू मारलंस आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण तू केलंस ते मी करणार नाही. बुधीसमोर मला पुन्हा उभं राहायचं आहे.

जागा ह्या पत्रात लिहीत नाही. हे पाकीट तू परत पाठवणार. म्हणून ती उद्या वेगळी पाठवते.

मंजुळा


पोस्टकार्ड, १८ जानेवारी १९६७

चंद्रभान तांडेल, बंदर आळी, मु. सातपाटी

हे कार्ड उघडं आहे. पोस्टमनदादा, तुम्ही वाचा. ज्याच्या दारात वाचाल तिथे मोठ्याने वाचा. मासळीबाजारात वाचा. चंद्रभान घेणार नाही म्हणाला तर त्याच्या शेजाऱ्याला द्या.

काळदुर्गाचं चौकोनी डोकं शिरगावच्या किल्ल्यामागे आलं, आणि उत्तरेला प्रकल्पाचा नवा मनोरा किनाऱ्यावरच्या शेवटच्या ताडाला टेकला, की खाली बुडालेला लोखंडी पडाव आहे. भरतीला चार वाव पाणी. तिथे जाळं टाकू नये. अडकलंच तर ओढू नये, दोर सोडून द्यावा.

मनोऱ्याची खूण जिवल्या वारली, आसाव्याचा पाडा, याची आहे. ती कुणीही घ्यावी, कुणालाही सांगावी.

दादा, आमच्यापासून लांब राहायचं तर राहा. त्या जागेपासूनही लांब राहा. आणि ही दोन लांब राहणी वेगळी असतात, एवढं पोराला होडीत बसवण्याआधी सांग.

मंजुळा